कुंडीतल्या स्ट्रॉबेरीला जिबरेलिक अ‍ॅसिड किती आणि कधी फवारावं?

पुण्यात चौथ्या मजल्यावर बारा कुंड्या, ऑक्टोबरात लावलेली विंटर डॉन जातीची रोपं, फुलं भरपूर पण फळं बारीक नि वेडीवाकडी, आणि दुकानदाराने हातात दिलेली जिबरेलिक अ‍ॅसिड या वाढीच्या संप्रेरकाची बाटली. तुमचा प्रश्न एवढाच ना? आमची महाबळेश्वरजवळ भिलारला स्ट्रॉबेरीची शेती आहे, अंगणातही दरवर्षी चाळीसेक कुंड्या असतात, म्हणून लिहितेय.

बाटली उघडण्याआधी एक वाकडं फळ तोडून त्यावरचे दाणे नीट बघा. फळ जिथे फुगलंय तिथले दाणे टपोरे असतील, जिथे दबलंय तिथले बारीक नि एकमेकांना चिकटलेले. फळ फुगवणारं ऑक्झिन हे संप्रेरक त्या दाण्यांतच तयार होतं. १९५० साली नित्श या शास्त्रज्ञाने कोवळ्या फळावरचे दाणे काढले, तर फळाची वाढ थांबली. दाण्यांच्या जागी ऑक्झिनचा लेप लावला, तर ते पुन्हा वाढलं. आणि दाणा भरतो तो परागीभवनाने. आमच्या रानात ते काम मधमाश्या करतात. थंडीने किंवा बोरॉन कमी पडल्यानेही फळ वाकडं होतं, पण बाल्कनीत माझा पहिला संशय परागीभवनावरच. चित्रकलेचा मऊ ब्रश घ्या, सकाळी ऊन आल्यावर प्रत्येक उमललेल्या फुलाच्या पिवळ्या गोंड्यावरून गोल फिरवा. लागोपाठ दोन-तीन दिवस. पुढच्या बहराची फळं बघा, फरक कळेल.

जिबरेलिकचं काम वेगळं आहे. त्याने पानांचे देठ लांबतात, फुलं थोडी लवकर येतात, रनरही (नवी रोपं धरणारे लांब धुमारे) जास्त सुटतात. लावणीनंतर महिनाभराने, फुलं येण्याआधी, ५० पीपीएमची (लिटरमागे ५० मिलिग्रॅम) एकच फवारणी मी करते. ४० टक्के दाणेदार पावडर असेल तर १ ग्रॅम ८ लिटर पाण्यात. बाटलीवर ०.००१ टक्के लिहिलं असेल तर ते द्रावण मुळातच १० पीपीएमचं असतं, त्याला हा हिशेब लावू नका. लेबलवरचंच प्रमाण घ्या, आणि तिथे स्ट्रॉबेरीचं नाव आहे का तेही बघा. एका वर्षी मी दोनदा फवारलं होतं. देठ वीतभर लांब नि लुळे झाले, रनर कुंडीबाहेर लोंबायला लागले, सगळी ताकद त्यातच गेली, फळं मोजकीच लागली. तुमच्या रोपांना आता फुलं आहेत, त्यामुळे या हंगामात फवारू नका. पुढच्या वर्षी करायचीच झाली तर आधी दोनच कुंड्यांवर करून बघा.

आंब्याला घालतात ते वाढ रोखणारं पॅक्लोब्युट्राझोल कुणी सुचवलं तर मात्र कुंडीत अजिबात घालू नका. ते मातीत फार काळ टिकतं, रोप खुजं राहतं, आणि ही फळं तुमच्या घरची मुलं झाडावरूनच तोडून खाणार आहेत.

रनर दिसला की देठाशी कापत चला. आणि त्या वाकड्या फळाचा जवळून फोटो टाका, दाणे दिसतील असा.