विरारला घर घेतलंय, मुलीची आठवी कुठे?

एका आईचं पत्र आलं आहे. त्याचा गाभा असा: परळच्या चाळीतून विरार पश्चिमेला जायचं ठरलंय, फ्लॅटचा ताबा दिवाळीनंतर मिळेल. मुलगी सातवीत आहे, धाकटा दुसरीत, दोघंही परळच्या अनुदानित मराठी शाळेत. मुलीचं गणित बरं आहे आणि दहावीनंतर डिप्लोमा करायचा तिच्या मनात आहे. घरकर्जाचा हप्ता सुरू झालाय, खासगी सीबीएसई शाळेची फी भरायची तर फार ओढाताण होईल. नातेवाईक सांगतात, तिकडच्या मराठी शाळांत काही राम नाही, मुलीला दहावीपर्यंत लोकलने परळलाच पाठवा. तिकडची शाळा चांगली की वाईट, हे बाहेरच्या माणसाने ओळखायचं कसं?

नमस्कार ताई,

आधी लोकलचा विषय संपवू. विरारच्या घरातून निघून स्टेशन, तिथून दादर, पुढे परळची शाळा, यात एका बाजूला पावणेदोन तास जातात. म्हणजे रोजचे साडेतीन तास. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी शिक्षण हक्क कायद्याने वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास शिकवणं ठरवून दिलंय. २२० दिवस रोज साडेतीन तास म्हणजे ७७० तास. शाळेत जितकं शिकेल त्याच्या तीन चतुर्थांशाहून जास्त वेळ मुलगी फलाटावर आणि डब्यात काढणार, तेही सकाळच्या विरार लोकलच्या गर्दीत. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी भरलं तेव्हा गाड्या बंद पडल्या होत्या. तसा दिवस पुन्हा आला तर तेरा वर्षांची मुलगी दादरला अडकणार. परळची शाळा कितीही चांगली असली तरी हा सौदा तोट्याचा आहे.

आता विरारकडे. तिथे एक गोष्ट मुंबईकरांना गोंधळात टाकते. मुंबईत सरकारी शाळा म्हटलं की महापालिकेची शाळा डोळ्यांपुढे येते. वसई-विरारला महानगरपालिका २००९ मध्ये झाली, पण तिच्या हद्दीतल्या सरकारी प्राथमिक शाळा पालघर जिल्हा परिषदेच्या आहेत. त्यामुळे तुमची विचारपूस महापालिकेच्या कार्यालयात नाही, तर वसई पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे होईल, आणि माध्यमिक शाळांसाठी पालघरच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे. राज्य मंडळाच्या दहावीसाठी मात्र मुंबई आणि पालघर दोन्ही मुंबई विभागीय मंडळातच येतात, तेव्हा मंडळ बदलण्याचा प्रश्नच नाही. आणि बिल्डरच्या माहितीपत्रकात 'जवळच नामांकित पब्लिक स्कूल' असं छापलेलं असतं, ती खासगी शाळा असते. आपल्याकडे नावात 'पब्लिक' असलेली शाळा सहसा सरकारी नसते.

पहिली चाळणी मान्यतेची. वसई तालुक्यात, विशेषतः नालासोपारा पट्ट्यात, अनधिकृत शाळांचा सुळसुळाट आहे आणि शिक्षण विभागाला त्यांच्या याद्या पुन्हा पुन्हा जाहीर कराव्या लागतात. अशी शाळा मुलांना शिकवते, फी घेते, आणि दहावीचा अर्ज भरायची वेळ आली की मुलांची नावं भलत्याच शाळेच्या पटावर चढवते. म्हणून शाळेत गेलात की दोन आकडे मागा: अकरा अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतली शाळेची ओळख, जो महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो, आणि दहावीपर्यंतची शाळा असेल तर मंडळाचा संकेतांक. देताना टाळाटाळ झाली तर तिथून उठा.

यू-डायस क्रमांक हातात आला की घरबसल्या बरंच कळतं. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेचं पान उघडतं आणि त्यात इयत्तावार पट, शिक्षकसंख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं सगळं दिसतं. बहुतेक पालक हे पान पाहून 'संगणक आहेत, ग्रंथालय आहे' एवढंच वाचतात. तुम्ही पट वाचा. पाचवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक इयत्तेत किती मुलं आहेत ते एका कागदावर लिहा आणि मागच्या दोन वर्षांचे आकडे शेजारी मांडा.

हे कशासाठी, ते उदाहरणाने सांगते. समजा, शाळेच्या फाटकावर 'दहावीचा निकाल १०० टक्के' असा फलक आहे. पट पाहिला तर गेल्या वर्षी नववीत ११८ मुलं होती आणि यंदा दहावीला बसली ८४. मधली ३४ कुठे गेली? काही गाव बदलून गेली असतील. पण चौतीस? कच्च्या मुलांना नववीत नापास करून दाखला हातात द्यायचा किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगायचं, ही निकाल चकचकीत ठेवण्याची जुनी रीत आहे. नववीची ९० मुलं दहावीला ८८ राहिली आणि निकाल ९१ टक्के लागला, तर ती शाळा त्या शंभर टक्केवाल्या शाळेपेक्षा कितीतरी सरस. तिने कच्ची मुलं टाकून दिली नाहीत.

दुसरा आकडा शिक्षकांचा. कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा, आणि त्यात विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र, भाषा यांचे निदान एकेक. कागदावर हे बहुतेकदा जुळतं, वर्गात जुळतंच असं नाही. म्हणून मुख्याध्यापकांना थेट विचारा: 'आठवी ते दहावी गणित आणि विज्ञान कोण शिकवतं? ते कायम आहेत की तासिका तत्त्वावर? पुढच्या तीन वर्षांत कोणी निवृत्त होतंय का?' या प्रश्नाचा राग येणार नाही, चांगल्या मुख्याध्यापकाला तर हायसंच वाटतं. गणिताचे सर येत्या मे महिन्यात निवृत्त होणार असतील तर ती जागा लगेच भरली जाईल असं धरून चालू नका. डिप्लोमाला जाणाऱ्या मुलीसाठी हीच सगळ्यात मोठी जोखीम आहे. तिच्यापुढे इमारतीला रंग आहे की नाही हे अगदीच गौण.

अनुदानित शाळेत आणखी एक फट असते. शाळा अनुदानित असली तरी तिच्या सगळ्या तुकड्या अनुदानित असतीलच असं नाही. एकाच इमारतीत मराठीची 'अ' तुकडी अनुदानित आणि सेमीची 'ब' तुकडी विनाअनुदानित असू शकते. फी वेगळी, शिक्षक वेगळे. सरकारी आणि अनुदानित शिक्षणात मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नाही, तेव्हा शुल्काची मोठी पावती फाडायला सांगितली तर मुलीला कोणत्या तुकडीत घालताहेत ते लेखी मागा.

मग शाळा पाहायला जा. शनिवारी नको, स्नेहसंमेलनाच्या दिवशी तर नकोच. एखाद्या मंगळवारी अकराच्या सुमाराला जा आणि खिचडी वाटपापर्यंत थांबा. किती वर्गांत शिक्षक नाहीत, मोजा. बीएलओची म्हणजे मतदार यादीची कामं, सर्वेक्षण, बैठका, यांत जिल्हा परिषदेचे शिक्षक किती अडकतात हे तिथेच कळतं. तो त्यांचा दोष नाही, पण वर्ग रिकामा तो रिकामाच. शक्य झालं तर सातवीच्या एखाद्या मुलाची गणिताची वही पाहा. पानाखाली लाल सही आणि तारीख सगळ्याच वह्यांत असते. तुम्ही एक गणित शोधा: उणे तीन वजा कंसात उणे पाच. उत्तर अधिक दोन. मुलाने उणे आठ लिहिलंय आणि त्यावर बरोबरची खूण आहे, तर वह्या तपासल्या जात नाहीत, सह्या होतात. चुकीवर खूण करून शेजारी रीत पुन्हा लिहून घेतली असेल, तर या शाळेत कोणीतरी काम करतंय.

फाटकाबाहेर आलेल्या दोन-तीन आयांशी बोला. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. 'शेवटची सभा कधी झाली, काय ठरलं?' एवढं विचारा. समितीवर असलेल्या पालकालाच ते सांगता आलं नाही, तर सभा फक्त वहीत होतात.

आता माध्यमाबद्दल, कारण तुमच्या मुलीचं खरं वळण इथे आहे. तिला मराठीतून थेट इंग्रजी माध्यमाच्या सीबीएसईत टाकू नका. गाव, माध्यम, मंडळ असे तीन बदल एकाच जूनमध्ये होतील आणि आठवीचं इतिहास-भूगोल इंग्रजीतून वाचतानाच ती थकेल. सेमी इंग्रजीचा विचार मात्र जरूर करा. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. पुढे डिप्लोमाची बहुतेक पुस्तकं आणि अकरावी विज्ञान इंग्रजीतच येतं. पण नव्या शाळेत सेमी कोणत्या इयत्तेपासून आहे ते विचारा. पाचवीपासून असेल तर तिच्या वर्गातल्या मुलांना तीन वर्षांची सवय झालेली असेल. तिला गणित येतं, अडेल ते शब्दांवर. लसावि म्हटलं की ती झटकन काढेल, एल.सी.एम. म्हटलं की थबकेल. छेद म्हणजे डिनॉमिनेटर, घातांक म्हणजे इंडेक्स, बैजिक राशी म्हणजे अल्जिब्राइक एक्स्प्रेशन. एप्रिल-मे महिन्यात सातवीचीच गणित-विज्ञानाची सेमीची पुस्तकं घ्या, रोज चार-पाच शब्द, दोन महिन्यांत अडीचशे होतात. सोडवलेलं गणितच पुन्हा इंग्रजीतून सोडवायचं, नवा धडा घ्यायचा नाही. संस्कृतची आवड असेल तर आठवीपासून ते तिथे आहे का, हेही आत्ताच विचारा. पुष्कळ शाळांत फक्त पूर्ण हिंदीच असते.

वेळेबद्दल माझं मत ठाम आहे: शाळा येत्या जूनमध्येच बदला, आठवीच्या पहिल्या दिवसापासून. ताबा दिवाळीनंतर असला तरी पाच-सहा महिने विरारला भाड्याने राहणं परवडेल का ते पाहा. दिवाळीनंतर मधेच गेली तर निम्मा अभ्यासक्रम इकडचा, निम्मा तिकडचा, आणि आता महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण व्हावं लागतं. सगळ्यात वाईट वेळ नववी आणि दहावीच्या मधली. तेव्हा चांगल्या शाळा नवा विद्यार्थी घ्यायला कां-कूं करतात, विषयांची जोडी जुळत नाही, आणि दहावीचे अर्ज शाळेमार्फत यू-डायस प्लसमधल्या नोंदींवरून भरले जात असल्याने तिथली एक चूक वर्षभर पुरते.

आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. ती फक्त सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना देता येते, सातवीला ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना सवलत आहे, आणि पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. एवढं घरकर्ज मंजूर झालंय म्हणजे तुम्ही कदाचित त्यात बसणार नाही, पण आकडा तपासून घ्या.

धाकट्याचं सोपं आहे. त्याला घराजवळची, रेल्वेच्या त्याच बाजूची शाळा हवी, पूल ओलांडून पूर्वेला नको. जिल्हा परिषदेची शाळा चालेल, पण ती चौथीपर्यंत, पाचवीपर्यंत की सातवीपर्यंत, हे आधी विचारा. नाहीतर दोन वर्षांत पुन्हा हीच शोधाशोध. पट साठच्या आत असेल तर कायद्याने दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग. जोडवर्ग वाईटच असतो असं नाही. दुसरीतल्या चार मुलांना पुस्तक देऊन एक परिच्छेद वाचायला सांगा, तिघांनी न अडखळता वाचला तर निर्धास्त राहा.

राहता राहिला दाखला. पहिली ते आठवीसाठी सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागणं हा मुलांचा हक्क आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, आणि जुन्या मुख्याध्यापकांनी तो तातडीने द्यायला हवा. हा बदलीचा हक्क विनाअनुदानित खासगी शाळांना लागू नाही. पण घाई करू नका. दाखला घेण्याआधी परळच्या शाळेत जनरल रजिस्टरमधली नोंद डोळ्यांनी पाहा: नावाचं शुद्धलेखन, जन्मतारीख, आईचं नाव, जात. चूक असेल तर दुरुस्ती मूल पटावर असतानाच करून घ्या. शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती फार दमवते, आणि डिप्लोमाच्या प्रवेशाला जातीचा दाखला-पडताळणी लागली तर हीच नोंद मागतात. आधारवरचं नाव आणि रजिस्टरमधलं नाव अक्षर न अक्षर जुळायला हवं. दोन्ही मुलांचे पेन क्रमांक, म्हणजे यू-डायस प्लसवरची विद्यार्थ्याची कायमची ओळख, लिहून घ्या, आणि नव्या शाळेने ऑनलाइन मागणी केल्यावर जुन्या शाळेने मुलांना तिथून सोडलंय ना, हे ३० सप्टेंबरच्या आत विचारा. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवताना, पट त्याच तारखेचा धरतात, त्यामुळे त्या आठवड्यात शाळेचं लक्ष असतं आणि अडकलेली नोंद लवकर सुटते.