फाउंडेशनच्या तासाला काय शिकवशील

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. शाळेत रुजू होऊन तीन महिने झाले नाहीत तोच मुख्याध्यापकांनी नववी-दहावीचा ‘जेईई-नीट फाउंडेशन’ वर्ग, म्हणजे इंजिनीअरिंग-मेडिकलच्या प्रवेश परीक्षांची आगाऊ तयारी, तुझ्यावर सोपवायचं ठरवलं, आणि तू विचारतेस, हो म्हणू का? पालकांना हवाय, शेजारच्या शाळेने सुरू केलाय, पट टिकेल, ही सगळी कारणं खरी आहेत. तेव्हा हो म्हण. शाळा सुटल्यावरचा रोजचा एक तास मिळतोय, तो सोडू नकोस. फक्त त्या तासाला फाउंडेशनची पुस्तकं उघडू नकोस.

त्या पुस्तकांत काय असतं ते तू पाहिलंच असशील. अकरावीची सूत्रं नववीत, आणि प्रत्येक सूत्राखाली चार पर्यायांचे पन्नास प्रश्न. निवृत्तीच्या आधीची पाच-सहा वर्षं अशा वर्गांतून आलेली मुलं माझ्यासमोर बसत होती. प्रश्न वाचायच्या आधी त्यांची नजर पर्यायांवर जायची. मी पर्याय हाताने झाकले की पेन थांबायचं. अपूर्णांकांची बेरीज कच्ची, आणि डिफरन्सिएशनची सूत्रं मात्र तोंडपाठ. मुलं हुशार होती, म्हणूनच फार वाईट वाटायचं.

शिकलेल्या घरातल्या मुलाला काही गोष्टी जेवताना कानावर पडूनच मिळतात. आत्या कुठे शिकली, फॉर्म कधी निघतो, कुठला दाखला लागतो, काका कुठल्या परीक्षेला बसला होता. तुझ्या वर्गात ज्याचे वडील कारखान्यावर रोजंदारीला आहेत आणि आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, त्याला हे कोण सांगणार? तो तास त्या घराच्या वतीने घे. मला हे उमगायला वीस वर्षं लागली, तुला पहिल्याच वर्षी सांगतेय.

आठवड्याला एक गणित दे. एकच. सोमवारी फळ्यावर लिही आणि शुक्रवारपर्यंत उत्तर सांगू नकोस. समजा, १ ते १०० या सगळ्या संख्यांचा गुणाकार केला, तर उत्तराच्या शेवटी किती शून्यं येतील? पहिल्या दिवशी कुणीतरी दहा, वीस, तीस मोजून ‘अकरा’ म्हणेल. तू मान हलवू नकोस, फक्त विचार, की १५ गुणिले ४ साठ होतात, तिथलं शून्य कुठून आलं? मग पोरं पाचच्या पाढ्यामागे लागतील आणि वीसपर्यंत येतील. तिथे दोन दिवस अडकतील. अडकू दे. गुरुवारी-शुक्रवारी मागच्या बाकावरून एखादी मुलगी म्हणेल, बाई, पंचविसात पाच दोनदा आहे. २५, ५०, ७५, १०० हे चार जास्तीचे पाच मिळाले की चोवीस. त्या मुलीचा चेहरा नीट बघून ठेव.

गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी, म्हणजे आयओक्यूएम, नेमकी अशीच असते. तीन तास, तीस प्रश्न, एकही पर्याय नाही, प्रत्येक उत्तर ० ते ९९ मधला पूर्णांक. आठवीपासून बसता येतं. तुझ्या शाळेतलं कुणी पुढच्या पायरीला जाईलच असं मी म्हणत नाही. पण चार दिवस एका प्रश्नापाशी न कंटाळता बसलेलं मूल पुढे आयआयटीसाठीच्या जेईई ॲडव्हान्स्डच्या पेपरला घाबरत नाही, आणि आयुष्यात दुसरं काही करायला गेलं तरी ही बैठक कामाला येते. जुने पेपर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. छापून घे.

दुसरी गोष्ट इंग्रजी. जेईई मेन आणि नीट मराठीतून देता येतात हे पालकांना सांग, पण पुढचंही सांग. जेईई ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीतून होते, एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो, विधी विद्यापीठांची क्लॅट पूर्ण इंग्रजीत. आपली सेमी इंग्रजीची मुलं ‘फोटोसिंथेसिस’ला अडत नाहीत, ते त्यांनी पाठ केलेलं असतं. ती अडतात ‘अनलेस’, ‘ॲट मोस्ट’, ‘रिस्पेक्टिव्हली’ असल्या बारक्या शब्दांना. हे शब्द कुठल्याच धड्याखाली शब्दार्थांत येत नाहीत, आणि प्रश्नाचा सगळा अर्थ त्यांच्यावरच फिरतो. रोज दहा मिनिटं एनसीईआरटीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचून घे, पुस्तक मिटायला लाव आणि तोच मजकूर मराठीत सांगायला लाव. पहिले दोन महिने काहीच घडत नाहीये असं वाटेल. तरी सोडू नकोस.

आता वाटा. ‘पुढे काय’ विचारलं की वर्गातून दोनच उत्तरं येतात, डॉक्टर नाहीतर इंजिनीअर, कारण तिसरं उत्तर कुणी ऐकलेलं नसतं. तू एक वही घाल आणि त्यात प्रत्येक परीक्षेचा फॉर्म कुठल्या महिन्यात निघतो ते दरवर्षी टिपत जा. आठवीतल्यांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. या पैशांवर शाळेत टिकलेली मुलं मी पाहिली आहेत. दहावीनंतर सैन्यात अधिकारी व्हायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून मुलांना एनडीएसाठी तयार करते, आणि २०२३ पासून नाशिकला मुलींसाठीही तशी संस्था आहे. विज्ञान मनापासून आवडणाऱ्या मुलाला पुण्याच्या पाषाणमधल्या आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थेविषयी सांग. तिथल्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र, चारही विषयांचे पंधरा-पंधरा प्रश्न असतात, म्हणजे अकरावीत गणित किंवा बायो सोडताना दहादा विचार करायला हवा. वहीच्या मागच्या पानावर सतत चित्रं काढणारी मुलगी असेल तर तिला चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांना बसव, आणि आयआयटी मुंबईची यूसीड ही डिझाइनची परीक्षा बारावीची कुठलीही शाखा घेऊन देता येते हे आजच तिच्या कानावर घाल. आर्ट्सला जाणारा मुलगा सीयूईटी ही केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा देऊन दिल्ली विद्यापीठात जाऊ शकतो, तीही मराठीतून देता येते.

ज्याला दोन वर्षं आणि लाखभर रुपये क्लासवर घालवणं झेपणार नाही, त्याला दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा आणि तिथून थेट इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष ही वाट दाखव. ती कमीपणाची वाट आहे असं कुणी म्हणालं तर पालकांसमोर ठामपणे खोडून काढ.

आता कागदपत्रं. हे नीट वाच, कारण यात माझी चूक आहे.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. वडील मेंढ्या घेऊन आठ महिने बाहेर. बारावीला त्याने इतके गुण मिळवले की सरकारी महाविद्यालयातली जागा हातात आल्यासारखीच होती. राखीव जागेला लागणारं जात वैधता प्रमाणपत्र नव्हतं. मुदत संपली, जागा गेली. त्या उन्हाळ्यात तो माझ्या ओसरीवर बसून म्हणाला, ‘बाई, मला आधी कुणी सांगितलंच नाही.’ दहावीपर्यंत तीन वर्षं मी त्याची वर्गशिक्षिका होते. सांगायला हवं होतं ते मीच.

तर आता ऐक. वैधतेसाठी जुना पुरावा लागतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी १९६१ पूर्वीचा, ओबीसींसाठी १९६७ पूर्वीचा. आजोबा-पणजोबांच्या नावाचा, त्यावर जात लिहिलेला कागद. लोक तहसीलच्या फेऱ्या मारतात, सेतूत रांगा लावतात, आणि बऱ्याचदा तो कागद आपल्याच शाळेच्या नाहीतर गावातल्या जुन्या प्राथमिक शाळेच्या कपाटात पडलेला असतो. जनरल रजिस्टर. आजोबा दुसरीत शाळा सोडून गेले असले तरी त्यांचं नाव तिथे असतं. नववीतल्या प्रत्येक मुलाला घरून वडिलांच्या, आजोबांच्या, पणजोबांच्या नावांची यादी आणायला सांग आणि रजिस्टरात शोधायला बस. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची वैधता आधीच झालेली असेल तर तेही विचार, काम निम्मं होतं.

त्याच वेळी प्रत्येकाचं आधार आणि शाळेतली नोंद शेजारी ठेवून ताडून बघ. नावातला एखादा काना, आईचं नाव, जन्मतारीख. मूल शाळेत आहे तोवर दुरुस्ती होते, दाखला हातात पडल्यावर ती फार किचकट होऊन बसते. नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचे दाखले वेळेत काढायला लाव. आयआयटीसारख्या केंद्राच्या संस्थांना ओबीसी दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही, आणि तो प्रवेशाच्या वर्षाच्या १ एप्रिलला किंवा त्यानंतर काढलेला असावा लागतो. हे मी किती पालकांना सांगितलं आणि किती जण तरीही जुना दाखला घेऊन आले! तेव्हा नुसतं सांगून थांबू नकोस, कागद डोळ्यांनी बघ.

मुलींच्या पालकांना वेगळं बोलाव. दहावीनंतर स्थळं बघायची घाई का होते, तर पुढचा खर्च परवडणार नाही ही भीती असते. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. शासन निर्णयाची प्रत काढून बापाच्या हातात दे. आकडा कागदावर दिसला की घरातलं बोलणं बदलतं, हा माझा अनुभव आहे.

आणि एक. अकरावीला हजेरी न लावता दोन वर्षं फक्त क्लासला बसवणाऱ्या ‘इंटिग्रेटेड’ जागांबद्दल पालक तुला विचारतील. फी भरायला रान गहाण टाकायचं त्यांच्या मनात असेल तर थांबव. आयआयटी-एनआयटीला बारावीत सर्वसाधारणपणे ७५ टक्के लागतात किंवा बोर्डाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं, प्रॅक्टिकलला हात न लावलेली मुलं तिथेही अडतात. वसतिगृहात एकटं पडलेलं सोळा वर्षांचं पोर रात्री कुणाशी बोलणार, हेही विचार त्यांना. तुझा फोन नंबर मुलांना देऊन ठेव. शाळेतून गेल्यावरही ती तुझीच आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत मी दोन दिवस तुझ्याकडे येते. शिपाईमामांकडून कपाटाची किल्ली घेऊन ठेव. रजिस्टरांना वाळवी लागली असेल तर तोवर उन्हात घालू नकोस, पानं तुटतात, नुसती सावलीत पसरून ठेव. मोडी अक्षरातली पानं सापडली तर बाजूला काढ, मी वाचून देते.

तुझी,
बाई