नवीन महाबळेश्वर या सातारा जिल्ह्यातल्या नियोजित गिरिस्थानाच्या आराखड्यात कातकरी आणि गवळी-धनगर वस्त्यांचं म्हणणं कसं आणता येईल?

हरकतींची मुदत सुरू होण्याची वाट पाहू नका. नगररचना कायद्यानुसार (१९६६) प्रारूप आराखडा आधी तयार होतो, मग हरकती मागवतात. तोवर रेघा मारून झालेल्या असतात. डोंगरावरच्या झापातला माणूस गुरं सोडून नकाशा वाचायला तालुक्याला येईल कसा?

सातारा जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रात नाही, त्यामुळे तिथल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा इथे लागू नाही. पण २००६ चा वनहक्क कायदा लागू आहे, आणि मला तोच खरा आधार वाटतो. कातकरी अनुसूचित जमातीत येतात. गवळी-धनगरांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. तेव्हा आधी सामूहिक वनहक्काचे दावे दाखल करा. चराईची रानं, पाणवठे, देवराया, जुन्या पायवाटा वस्तीतल्या जाणत्या माणसांना सोबत घेऊन नकाशावर उतरवा, ग्रामसभेचा ठराव करा आणि तो नियोजन प्राधिकरणाला देऊन पोच घ्या. सभा वाडीवरच, संध्याकाळी गुरं परतल्यावर घ्या. बायकांना आवर्जून बोलवा, पाणी कुठं आटतं ते त्यांनाच ठाऊक असतं.

कोयना धरणाच्या वेळी लोकांना आधी उठवलं, विचारलं नंतर. त्यांचे वारस अजूनही पुनर्वसनासाठी झगडताहेत.