हळदीच्या दिवशी पिवळा आयशॅडो: उठावदार कसा करायचा आणि दुपारपर्यंत कसा टिकवायचा

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी आहेत. नव्या पॅलेटमधला पिवळा आणि शेंदरी पापणीवर नीट उमटत नाही, ही एक. जो काही उमटतो तो स्कूटीवरून कोथरूडच्या मंगल कार्यालयात पोचेपर्यंत पापणीच्या घडीत गोळा होतो, ही दुसरी. पहिलीचं मूळ बेसमध्ये, म्हणजे रंगाखाली लावलेल्या थरात आहे, दुसरीचं तेलात. पॅलेट बदलून यातलं काहीच सुटणार नाही, तेव्हा नवीन खरेदी तूर्त राहू द्या.

आधी घडीचं बघू. मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीच्या आसपास जातो, पण हवा कोरडी असते, मुंबईसारखा घाम निथळत नाही. त्यामुळे इथे पापणीवरचा रंग घसरतो तो घामापेक्षा तेलाने. थोडं तेल पापणीचं स्वतःचं असतं, बाकीचं आपणच लावलेल्या मॉइश्चरायझरचं आणि सनस्क्रीनचं. म्हणून मॉइश्चरायझर डोळ्याभोवतीच्या हाडापर्यंतच लावा, पापणीवर नको. सनस्क्रीन मात्र टाळू नका. पापणीपुरतं झिंक ऑक्साइडचं घ्या, अगदी पातळ लावा आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. मग टिश्यूचा एक पदर पापणीवर टेकवून वरवरचं तेल टिपून घ्या. टिपायचं, पुसायचं नाही.

त्यावर आय प्रायमर, म्हणजे रंग पापणीला धरून ठेवणारं क्रीम. तांदळाच्या एका दाण्याएवढा दोन्ही डोळ्यांना पुरतो. बहुतेक जणी वाटाण्याएवढा घेतात आणि मग प्रायमरच घडीत जमतो, त्याच्याबरोबर रंगही. अनामिकेने थापटत लावा, मिनिटभर थांबा, चार-पाच वेळा डोळे मिटून उघडा. घडीत रेघ दिसली तर बोटाने सपाट करा आणि मगच पुढे जा. ही रेघ तशीच ठेवून वर रंग चढवला की दुपारी नेमकी तिथेच फट पडते.

आता रंग न उमटण्याचं कारण. आपल्याकडे पापणीची कातडी बऱ्याचदा जांभळट-तपकिरी असते, आणि पिवळा हा जांभळ्याचा विरोधी रंग. एकावर दुसरा चढला की दोघे मिळून मातकट होतात. यावर सगळीकडे मिळणारा सल्ला म्हणजे खाली पांढरा बेस लावा. गोऱ्यापान कातडीवर तो चालतो. गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर पूर्ण पापणी पांढरी केली तर पिवळा खडूसारखा दिसतो आणि कडेला राखाडी झाक येते. त्याऐवजी जांभळट भागावर पीच किंवा नारिंगी करेक्टरचा, म्हणजे कातडीवरची रंगछटा मारणाऱ्या क्रीमचा, बोटाने पातळ हात फिरवा. सावळेपणा जास्त असेल तर नारिंगी, कमी असेल तर पीच. वर तुमच्या त्वचेपेक्षा एकच शेड उजळ कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं त्वचेच्या रंगाचं क्रीम, थापटा. पांढरी पेन्सिल हवीच असेल तर फक्त बुबुळाच्या वर, पापणीच्या मधोमध एक ठिपका देऊन पसरवा. याहून सोपी युक्ती म्हणजे पिवळ्याखाली मोहरी रंगाची आणि राणी रंगाखाली गुलाबी रंगाची मऊ पेन्सिल. एकाच घराण्यातला रंग खाली असला की वरचा दुप्पट उठून दिसतो.

सगळी पापणी पावडर लावून कोरडी (सेट) करू नका, बऱ्याच जणींचं इथेच चुकतं. घडीच्या वरचा भाग, जिथे रंग विरत न्यायचा आहे, तिथे ट्रान्सलुसंट, म्हणजे स्वतःचा रंग न दिसणारी, पावडर फिरवा. घडीच्या खाली, जिथे रंग ठासून हवा, तिथे बेस जरा चिकट राहू द्या. कोरड्या जागी ब्रश सहज सरकतो, चिकट जागी रंग धरून बसतो. उलट केलं तर खाली रंग चढत नाही आणि वर डाग पडतात.

मॅट पिवळा हा सगळ्यात हट्टी रंग. त्याला मऊ, फुगीर ब्रश चालत नाही. चपटा, दाट केसांचा, करंगळीच्या नखाएवढा ब्रश घ्या. त्याची एकच बाजू रंगात दाबा आणि दांडा डबीच्या कडेवर एकदा ठोकून जादा पावडर झाडा. आरसा हनुवटीच्या खाली धरून त्यात खाली बघा, म्हणजे पापणी न ओढता ताणली जाते. पापण्यांच्या केसांच्या मुळाशी सुरुवात करा: ब्रश टेकवा, दाबा, उचला. पुन्हा शेजारी टेकवा, दाबा, उचला. घासलं की खालचा बेस ब्रशला लागून वर येतो आणि मधेच टक्कल पडतं. ते झाकायला वर आणखी रंग टाकला तर पापड्या धरतात. पहिला थर विरळच दिसेल, घाबरू नका. तीन पातळ थरांत रंग भरतो, एका जाड थरात कधीच नाही. यात गालावर पिवळी धूळ पडणारच, म्हणून आधी डोळे आणि मग फाउंडेशन. पडलेली धूळ बोटाने पुसायची नाही, मोठ्या कोरड्या ब्रशने झटकायची.

रंगांच्या जोड्या विचारल्या आहेत. हळदीसाठी आतल्या कोपऱ्यापासून मध्यापर्यंत पिवळा आणि बाहेरच्या तिसऱ्या भागात राणी, एवढं पुरेसं आहे. दोन्ही रंग मधे दोन-तीन मिलिमीटर एकमेकांवर येऊ दिले की शेंदरी तिथे आपोआप तयार होतो, त्याची वेगळी डबी उघडायला नको. शेजारचे रंग एकमेकांत मिसळले तरी स्वच्छ राहतात: पिवळा-शेंदरी-राणी, किंवा पोपटी-फिरोजी-निळा. समोरासमोरचे, म्हणजे पिवळा-जांभळा किंवा गुलाबी-हिरवा, मिसळले की चिखल. पण न मिसळता शेजारी ठेवले तर तेच सगळ्यात देखणे. बहावा आणि ताम्हण या दिवसांत एकाच रस्त्यावर फुललेले दिसतात, तीच जोडी घ्या. पापणीवर नुसता पिवळा, तो पूर्ण झाल्यावर मुळाशी जांभळ्या लायनरची एक रेघ. मधे ब्लेंडिंग अजिबात नको. खालच्या पापणीला मोरपंखी दिलं तर वर रंग लावायचीही गरज नाही. पाच रंग एका डोळ्यावर म्हणजे रंगपंचमी, तो सण वेगळा.

रंगीत लायनरला जेल पेन्सिल बरी. ती साधारण अर्ध्या मिनिटात घट्ट बसते आणि मग हलत नाही, त्यामुळे पूर्ण रेघ काढून नंतर पसरवायला गेलात तर फाटते. थोडी रेघ, लगेच पसरवणं, मग पुढचा तुकडा. लायनरची रेघ डोळ्याबाहेर नेऊन शेपटी काढायची तर आरशात सरळ बघा, डोळा उघडा ठेवा, आणि खालच्या पापणीची कड वर भुवईच्या टोकाकडे जिथे जाईल त्या दिशेला एक ठिपका द्या. पापणी झाकली जाणाऱ्या डोळ्यांना मिटल्या डोळ्यावर काढलेली शेपटी उघडल्यावर मोडलेली दिसते. रेघेवर त्याच रंगाची पावडर टेकवली की टिकाऊपणा बराच वाढतो. वॉटरलाइनला, म्हणजे पापणीच्या आतल्या ओलसर कडेला, निळं काजळ छान दिसतं, पण ते तास-दोन तासांत उतरतं, आणि लेन्स लावत असाल तर तिथे काहीच नको. लेन्स मेकअपच्या आधी घालायच्या आणि मेकअप काढायच्या आधी उतरवायच्या.

स्कूटीचा भाग लहान पण महत्त्वाचा. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतं आणि बाहेरच्या कोपऱ्यातला राणी आधी वाहतो, म्हणून हेल्मेटची काच खालीच ठेवा. स्कार्फ भुवईच्या वर बांधा, पापणीवर घासू देऊ नका. गॉगल पापण्यांच्या केसांना टेकत असेल तर मस्कारा घरी लावूच नका, पोचल्यावर लावा. मस्कारा ट्यूबिंग प्रकारचा, म्हणजे प्रत्येक केसाभोवती नळीसारखा बसणारा, घेतलात तर तेलाने डोळ्याखाली पसरत नाही आणि कोमट पाण्याने नळ्या-नळ्या होऊन निघतो.

निऑन रंगांबद्दल जरा कडक बोलते. खोक्यावर ‘प्रेस्ड पिगमेंट’ (दाबून वडी केलेली रंगपूड) असं लिहिलेलं असेल तर बारीक अक्षरं वाचा. त्यातल्या काही रंगांवर डोळ्याभोवती वापरू नये अशी सूचना असते, ती शोभेसाठी छापलेली नाही. हस्तकलेच्या दुकानातली चमकी डोळ्याजवळ नकोच, तिच्या कडा धारदार असतात आणि बुबुळावर ओरखडा उठू शकतो. तुळशीबाग असो की ऑनलाइन, उत्पादकाचं नाव, बॅच नंबर आणि मुदत नसलेली डबी घेऊ नका. आणि हळदीच्या घरात एकच काजळ आणि एकच मस्कारा दहा जणींत फिरतो, ते तर अजिबात नको. डोळे येतात ते असेच.

रात्री राणी आणि लाल रंगाचा डाग राहतो, तो घासून जात नाही. दोन थरांचं रिमूव्हर हलवून कापसावर घ्या, मिटल्या डोळ्यावर अर्धा मिनिट धरा आणि मग खाली ओढा. खोबरेल तेलानेही निघतं, पण त्यानंतर फेसवॉश हवाच. तेलाचा थर राहिला तर दुसऱ्या दिवशी लग्नाला लावलेला प्रायमर बसणार नाही.

दुपारी घडीत रेघ आलीच तर त्यावर लगेच पावडर दाबू नका, ती रेघेतच अडकते. पर्समध्ये दोन इअरबड आणि थोडा कन्सीलर ठेवा. कोरड्या इअरबडने घडी लाटल्यासारखी सपाट करा, टिश्यू टेकवा, लागलाच तर कन्सीलरचा ठिपका द्या आणि बोटाच्या टोकाने पिवळा पुन्हा दाबा.