नोकरी सांभाळून शिकारी-संकलकांसारखं जगता येईल का?

नोकरी-संसार सांभाळून रानातलं अन्न खात, आदिमानवाच्या जवळ जाईल असं जगणं जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमतं, पण ताटापेक्षा सवयींत जास्त. माझ्या जेवणात रानातलं असतं ते थोडंच, ऋतूप्रमाणे एखादी भाजी, एखादं फळ. बाकी सगळं शेतातलं, आणि ते तसंच असावं असं मला मनापासून वाटतं. आज पृथ्वीवरच्या एकूण सस्तन प्राण्यांच्या वजनात रानटी प्राण्यांचा वाटा जेमतेम 4 टक्के उरलाय. उरलेले सगळे आपण आणि आपली पाळीव जनावरं. 800 कोटी माणसं शिकारीला निघाली तर रान शिल्लकच राहणार नाही. म्हणून शिकार मी यातून पूर्ण वगळते.

सुरुवात तणांपासून करा. घोळ जगाच्या बहुतेक उबदार भागांत कुणी न लावता उगवते, आणि तण कितीही खुडलं तरी नष्ट व्हायची भीती नसते. तिच्या पानांत ओमेगा-3 हे उपयुक्त स्निग्धाम्ल इतर पालेभाज्यांपेक्षा बरंच जास्त असतं. ऑक्झॅलेटही भरपूर असतं, त्यामुळे मूतखड्याचा त्रास असेल तर जपून. दुधी नावाच्या तणाची (दुधी भोपळा नव्हे) जमिनीलगत पसरणारी एक जात लांबून घोळीसारखीच दिसते, पण ती विषारी. देठ मोडून बघा: पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे. एकाच वनस्पतीला कोंबापासून बी पडेपर्यंत ओळखायला शिका, मग दुसरी घ्या. फवारणी झालेल्या किंवा सांडपाण्याच्या जागेतलं काहीही नको. अळंबीच्या वाटेला तर नवशिक्यानं जाऊच नये. डेथ कॅप नावाच्या अळंबीचं विष शिजवून जात नाही, त्रास सुरू व्हायला सहा ते बारा तास किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो, मध्येच बरं वाटायला लागतं आणि तोवर यकृत निकामी होत असतं.

आता सवयी. टांझानियात एयासी सरोवराजवळ शिकार करून आणि कंद-फळं गोळा करून जगणाऱ्या हाड्झा लोकांवर बराच अभ्यास झालाय. ते दिवसभर धावपळ करत असतील असं आपल्याला वाटतं, पण 2020च्या एका अभ्यासात त्यांचाही रोजचा विसावा दहा तासांच्या आसपास निघाला. फरक बसण्याच्या पद्धतीत आहे. ते अनेकदा उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसतात, त्यामुळे बसल्या जागी पायांचे स्नायू काम करत राहतात. हे आजपासून घरात करता येईल. झोपेचंही तसंच. सूर्य मावळताच ते झोपत नाहीत, तीनेक तास जागेच असतात, फक्त प्रखर दिव्यांशिवाय.

पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यांच्यातल्या आज्यांची गोष्ट. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं दिसलं की म्हाताऱ्या बायका कठीण जमिनीतून कंद खणण्यात तासन्‌तास घालवतात. घरात नवं बाळ आलं की मोठ्या भावंडांचं पोषण आईपेक्षा आजीच्या कष्टांवर जास्त अवलंबून राहतं. मोठी शिकार मिळाली तर तीही शिकाऱ्याच्या एकट्या घरात राहत नाही, सगळ्या मुक्कामात वाटली जाते. एकट्यानं रानात जाऊन स्वतःपुरतं मिळवून खाणं एवढंच त्यांचं जगणं नाही, आणि आपण मात्र नेमकं तेच करायला निघतो. त्यामुळे तुम्ही आहाराचा तक्ता बनवण्याआधी दोन-तीन घरं सोबत घ्या. एकत्र फिरा, मिळेल ते वाटून घ्या, मुलांना बरोबर न्या. जागा दुसऱ्याची असेल तर विचारून तोडा, संरक्षित जंगलात तोडूच नका. आणि आसपास रानभाज्या ओळखणारी कुणी वयस्कर बाई असेल तर पुस्तकं, ॲप यांच्या आधी तिच्याकडे जा. पहिली खुडलेली भाजी तिला दाखवल्याशिवाय चुलीवर चढवू नका.