घाम खारट आणि कफ घट्ट, असं का?

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या भाचीला सिस्टिक फायब्रोसिस (कफ फार घट्ट होणारा जन्मजात आजार) आहे. तान्ही असताना तिची पापी घेतली की ओठांना खारट लागायचं, घामाच्या टेस्टमध्येही क्लोराइड (मिठातला एक घटक) जास्त आलं. आता डॉक्टर नेब्युलायझरमधून मिठाचंच पाणी द्यायला सांगतात. अंगात आधीच एवढं मीठ, मग अजून कशाला?
– एक मावशी, कोपरखैरणे

उत्तर : मावशी, तिच्या अंगात मीठ जास्त नाहीये, ते जिथे जायला हवं तिथे पोचत नाहीये. काकडीला मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळात पाणी सुटतं ना, फुफ्फुसातही तेच चालतं. पाणी ढकलणारा वेगळा पंप पेशीत नसतोच, पेशी मीठ हलवते आणि पाणी त्याच्या मागे जातं.

श्वासनलिकेच्या अस्तराखाली बारीक बारीक ग्रंथी असतात. त्यांच्या अगदी टोकाच्या पेशी पातळ पाणी सोडतात आणि वाटेतल्या पेशी चिकट म्युकस, म्हणजे कफ; मागून आलेलं पाणी म्युकसला धुऊन बाहेर काढतं. या टोकाच्या पेशी रक्ताच्या बाजूने क्लोराइड आत ओढतात आणि ग्रंथीच्या नळीच्या बाजूने सीएफटीआर नावाच्या दारातून (पेशीच्या पडद्यातलं एक प्रोटीन) सोडतात, मग सोडियम पेशींमधल्या फटीतून येतो, झालं मीठ, आणि पाणी आलंच पाठोपाठ. त्याच दारातून बायकार्बोनेटही (खाण्याच्या सोड्यात असतं ते) जातं, ते नसेल तर म्युकस नीट उलगडतच नाही. तुमच्या भाचीचं हे दार बिघडलंय. क्लोराइडला दुसरी दारं आहेत म्हणून स्राव पूर्ण बंद पडत नाही, पण कमी आणि घट्ट होतो. हाच आजार असलेल्या डुकराच्या पिल्लांमध्ये तर म्युकसचे धागे ग्रंथीच्या तोंडाशीच अडकून राहिलेले दिसले, सुटतच नव्हते.

आता घाम. मला स्वतःला यातला हाच भाग सगळ्यात विलक्षण वाटतो, कारण दार तेच आहे पण काम उलटं. घामग्रंथीच्या तळाशी घाम खारटच तयार होतो, वर येताना नळी त्यातलं मीठ परत आत घेते, पाणी मात्र घेत नाही. दार बंद असलं की मीठ घामातच राहतं. म्हणून टेस्टमध्ये क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त आलं की डॉक्टर या आजाराकडे बोट दाखवतात.

नेब्युलायझरमधलं पाणी बहुतेक ३ ते ७ टक्के मिठाचं असतं आणि साधं सलाइन ०.९ टक्के. हे जास्त खारट पाणी श्वासनलिकेवर बसलं की आतलं पाणी वर खेचून आणतं आणि कफ सैल होतो. त्याने छाती आवळू शकते म्हणून आधी श्वासनळ्या उघडणारा पंप देतात आणि नंतर फिजिओथेरपी, हा क्रम घाईच्या सकाळीही मोडू नका.

आणि एक, आपल्याकडच्या एप्रिल महिन्यात पोरगी स्कूल बसमधून उतरेपर्यंत चिंब होते, तिचं मीठ त्या घामातून इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त जातं. उन्हाळ्यात जेवणात मीठ किती वाढवायचं ते डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.