'टी पेशी'तल्या 'टी'चं मराठी काय?

प्रश्न असा आलाय: टी पेशी म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, आणि त्यातला 'टी' थायमस या ग्रंथीचा. मराठी विश्वकोशात थायमसला 'यौवनलोपी ग्रंथि' म्हटलंय. मग टी पेशींना 'यौ पेशी' म्हणावं का?

नको हो! पण 'यौवनलोपी' शब्दाशी जरा थांबू. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, ही ग्रंथी तारुण्य घालवते की काय. घोळ समासाचा आहे. 'मांसाहारी'त मांस हे खायची वस्तू, तर 'वनवासी'त वन ही राहायची जागा. इथे विग्रह वनवासीसारखा करायचा: यौवनात लोप पावणारी. छातीच्या मधल्या हाडामागचा हा अवयव लहानपणी चांगला भरलेला असतो, वयात आल्यावर आक्रसत जातो आणि तिथे चरबी साठते. 'लोप' ही मात्र अतिशयोक्तीच, थोडा अंश म्हातारपणीही उरतो.

माझी तक्रार वेगळीच. नाव पडलं ते निवृत्तीवरून, नोकरीवरून नाही. नोकरी काय ते कळलं १९६१ साली, जॅक मिलर या संशोधकांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांचा थायमस काढला तेव्हा. ते उंदीर संसर्गाला सहज बळी पडू लागले.

अस्थिमज्जेत जन्मलेल्या कच्च्या पेशी थायमसमध्ये येतात आणि जनुकांचे तुकडे उलटसुलट जोडून प्रत्येकजण आपापलं ग्राही प्रथिन (समोरची खूण ओळखणारं प्रथिन) घडवते. मग परीक्षा. शरीराची ओळखखूण तिला वाचता येते का? आणि वाचता वाचता ती घरच्यांनाच घट्ट चिकटते का? पहिल्या प्रश्नाला 'नाही' किंवा दुसऱ्याला 'हो', तर बहुधा मरण. शंभरातल्या जेमतेम दोन-चार तगतात. गंमत म्हणजे घट्ट चिकटणाऱ्यांपैकी काहींना मारत नाहीत, त्यांना पोलिसांवरचे पोलीस करतात. या नियामक टी पेशी शिमोन साकागुची या संशोधकांनी १९९५ साली दाखवल्या आणि २०२५च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आला.

आता तुमच्या दुसऱ्या शंकेकडे, 'विभाजन' की 'विभेदन'? एका पेशीच्या दोन झाल्या की विभाजन. विभेदन म्हणजे पेशीचा धंदा ठरणं. थायमसमध्ये एका टप्प्यावर पेशी सीडी४ आणि सीडी८ अशी दोन्ही प्रथिनं अंगावर वागवते, पुढे एक टाकून देते. सीडी४ ठेवलं तर साधारणपणे मदतनीस, सीडी८ ठेवलं तर मारक. मदतनीस पेशी बाहेर पडल्यावरही पुन्हा फाटे फोडतात: टीएच१, टीएच२, टीएच१७ असे त्यांचे उपप्रकार, आजूबाजूच्या पेशींकडून जसे रासायनिक निरोप येतील तसे. हे सगळं विभेदन.

तेव्हा तुमच्या लेखात थायमस आणि टी पेशी असंच लिहा, 'यौवनलोपी' एकदा कंसात चालेल. आणि बी पेशींतल्या 'बी'चं मराठी मात्र मला विचारू नका. तो कोंबडीच्या शेपटीखालच्या एका पिशवीवरून आलाय.